वीस हजार वस्तीच्या गावाचं सांडपाणी: मशीन, तलाव, की चाललंय ते बरंय?

नर्मदेपल्याड
मंडळी, राहतो इंदुरात, पण सासुरवाडी शिप्रेच्या एका उपनदीवर. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, मेहुणे मंडळी इथे वाचत असतात. वस्ती वीस हजारांच्या आसपास. स्वच्छ भारत मिशनच्या २०२१ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात एक लाखाखालच्या गावांना सांडपाण्यासाठीही पैसे मिळतात, त्यामुळे आमच्या पार्षदांना, म्हणजे नगरसेवकांना, अचानक नदीची आठवण झाली आहे.

घरात दोन तट पडलेत. सासरे रिटायर्ड मास्तर, त्यांचं म्हणणं इंदूरसारखा दणदणीत प्लांट बसवा. मोठा मेहुणा शेती बघतो. तो म्हणतो, नाल्याचं पाणी तुम्ही प्लांटात नेलंत तर माझ्या गव्हाला पाणी कुठून आणू?

नदीचं म्हणाल तर दिवाळीपर्यंत ती नदी असते. संक्रांतीनंतर डबकी. होळीनंतर जे वाहतं ते गावाचंच पाणी. पुलावरून खाली बघितलं की काठाला राखाडी, बुळबुळीत थर, मधे जलपर्णी, आणि नाला पडतो तिथे साबणाचा फेस वितभर साचलेला.

एवढ्याशा गावाला नेमकं काय झेपतं? जावई म्हणून माझं मत मागितलंय आणि मला यातलं ओ की ठो कळत नाही.

पोहे_जिरावन
जावयाचं मत मागतात? कुठलं गाव हे? माझंही स्थळ बघा तिथे.

राजवाडा१९
मत कसलं, सरळ सांगा इंदूर बघून या. कान्ह आणि सरस्वतीत पडणारे नाले आपण अडवले, घराघरांतून थेट नाल्यात सोडलेले पाइप शोधून ड्रेनेजला जोडले. कबीटखेडीला २४५ एमएलडीचा प्लांट आहे (एक एमएलडी म्हणजे रोजचे दहा लाख लिटर). २०२१ मध्ये देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं, कोण? आपण. कोरड्या नाल्यात पोरांनी क्रिकेट खेळलं, फोटो सगळ्यांनी बघितलेत. पस्तीस लाखांचं शहर करू शकतं तर वीस हजारांचं गाव का नाही? इच्छाशक्ती लागते भिया.

शिप्राकाठी
राजवाडा, अभिनंदन. आता जरा आमच्या उज्जैनला येऊन त्रिवेणी घाटावर उभे राहा, तुमची कान्ह शिप्रेला मिळते तिथे.

पर्वणी आली की कान्हेवर मातीचा बांध घालतात, इंदूरचं पाणी स्नानाच्या पाण्यात यायला नको म्हणून. पोकलेन येतं, डंपर येतात, दोन दिवसांत बांध उभा. वरून पाण्याचा लोंढा आला की बांध वाहून जातो आणि काळं पाणी घाटावर. पुढच्या पर्वणीला पुन्हा पोकलेन. २०१६ च्या सिंहस्थासाठी पिपल्याराघोपासून कालियादेहपर्यंत सुमारे १९ किलोमीटर पाइप टाकून कान्ह उज्जैनला वळसा घालून नेली. त्यानं भागलं नाही, म्हणून २०२८ साठी ३० किलोमीटरच्या बंद वाहिनीचं काम चालू आहे, त्यातले १२ किलोमीटर बोगद्यातून.

पाणी स्वच्छ झालं असतं तर बोगदा कशाला खणावा लागला असता, एवढंच विचारतो.

राजवाडा१९
बोगद्याचं काम एकट्या इंदूरमुळे नाही. सांवेर आहे, मधली गावं आहेत, कारखाने आहेत. देवासचं पाणी नागधम्मन नदीतून येतं ते वेगळंच. सगळं बिल इंदूरच्या नावावर फाडू नका.

शिप्राकाठी
मान्य. तेच तर धागाकर्त्यांना सांगायचं होतं. "आमचं गाव एवढंसं, त्यानं काय फरक पडतो" असं प्रत्येक गाव म्हणतं.

प्लांटवर_रात्रपाळी
मी या धंद्यात आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

आधी हिशोब. योजनांच्या कागदावर माणशी १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं मानतात. वीस हजार लोकांचं झालं रोजचं सव्वीस लाख... नाही, २७ लाख लिटर पाणी आणि साधारण २१-२२ लाख लिटर सांडपाणी, म्हणजे दोन-सव्वादोन एमएलडी. सल्लागार पुढची वाढ धरून तीनचा प्लांट सुचवणार. लिहून ठेवा.

आता आत काय होतं ते. सांडपाण्यातली घाण आपण मशीननं काढत नाही, जिवाणू ती खातात. खाताना त्यांना ऑक्सिजन लागतो. किती लागेल, त्या मापाला बीओडी म्हणतात. घरगुती कच्च्या पाण्याचा बीओडी लिटरला २०० मिलिग्रॅमच्या वर असतो. तेच पाणी नदीत सोडलं तर जिवाणू नदीतला ऑक्सिजन खातात आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. प्लांटात आपण तेच काम टाकीत करून घेतो आणि ब्लोअरनं हवा देतो. एसबीआर पद्धतीत एकाच टाकीत भरणं, हवा देणं, गाळ बसू देणं आणि वरचं नितळ पाणी काढून घेणं, हे आळीपाळीनं चालतं.

गाळ म्हणजे विरजण समजा. चांगलं असेल तर रंग चॉकलेटी आणि वास पावसानंतरच्या मातीचा. आम्ही लिटरच्या काचेच्या नळीत भरून अर्धा तास ठेवतो. गाळ खाली बसून वर पाणी निवळलं, की रात्र बरी जाणार. गाळ वरच तरंगत राहिला, तर कोणीतरी काहीतरी सोडलंय: तेल, आम्ल, डेअरीचं पाणी.

आणि लाईट गेली? ब्लोअर बंद. काही तास निभतं. दोन-तीन दिवस बंद राहिला की गाळ काळा पडतो, सडका वास येतो, आणि पुन्हा घडी बसायला आठवडे जातात. प्लांटच्या विजेतला अर्ध्याहून जास्त वाटा एकटा ब्लोअर खातो. मी काम केलेल्या एका छोट्या गावात उद्घाटन झालं, फीत कापली, नंतर बिल थकलं आणि ब्लोअर दिवसातून जेमतेम काही तास चालायचा, तोही तपासणीला कोणी येणार असेल तर. पाणी एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं तसंच बाहेर. नदीला कळलंसुद्धा नाही की आता प्लांट आहे.

खडूस_म्हातारा
१३५ लिटर! कुठल्या छोट्या गावात १३५ लिटर मिळतं हो? एक दिवसाआड नळ, तोही पाऊण तास. माणशी ७० लिटर आलं तरी लोक पेढे वाटतील. मग तुमचं सांडपाणी भरतं एक-सव्वा एमएलडी. तीनचा प्लांट बांधून त्यात एक सोडायचं म्हणजे तुमचे ते जिवाणू उपाशी मरणार.

प्लांटवर_रात्रपाळी
काका, बरोब्बर. आणि ते एकसुद्धा पोहोचलं तर.

काळीमाती
पोहोचत नाही, त्याचं कारण मी सांगतो. घरं बांधतो, ठेकेदार आहे, इंदूर-धार-देवास पट्टा.

छोट्या गावात गटारलाइन नसते. सगळ्यांकडे "सेप्टिक टँक" असते. अवतरण चिन्ह मुद्दाम. मालक सांगतो, खोल कर, मोठी कर, म्हणजे पंचवीस वर्षं उघडायला नको. टँकमधून निघणारं पाणी शोषखड्ड्यात जायला हवं. पण आपली माळव्याची काळी माती! पावसाळ्यात फुगून घट्ट होते, थेंब घेत नाही. शोषखड्डा भरून अंगणात येतो. मग शेजारी भांडतो. मग मालक म्हणतो, ठेकेदार, एक चार इंची पाइप नालीत काढून दे. झालं. नाली नाल्यात, नाला नदीत.

बरं, टँकही उपसत नाहीत. गाळ वरपर्यंत चढला की आत गेलेलं जवळपास तसंच बाहेर येतं. परवा एका वाड्यातलं झाकण उघडलं, वर कडक साय धरलेली, त्यात बांबू घातला तर तळापर्यंत गाळच गाळ, पाणी फक्त वरचं हातभर. तरी घरमालकीण म्हणे, "आमची टँक कधी तुंबली नाही, बघा किती चांगली बांधलीय."

प्लांट बांधायच्या आधी हे सगळे पाइप कोण जोडणार? गल्ली फोडायची, घरातलं अंगण फोडायचं, वर जोडणीचे पैसे घ्यायचे. पार्षद पुढच्या निवडणुकीत पडलाच समजा.

वाईचा_गणपती
काळीमाती यांनी नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलंय. माझं माहेर वाई, थेट कृष्णेच्या काठावर, वस्ती २०११ च्या जनगणनेत छत्तीस हजार. तिथे गटारलाइनचा हट्ट न धरता सेप्टिक टँकवर काम केलं. नगरपालिका पाळीपाळीनं प्रत्येक घराची टँक साधारण तीन वर्षांतून एकदा उपसते, तक्रार यायची वाट बघत नाही. त्याचे पैसे वेगळे मागत नाहीत, करातून वसूल होतात. उपसलेला मैला वेगळ्या छोट्या प्रकल्पात जातो, तिथे वाळवून त्याची प्रक्रिया होते. सिन्नरलाही असंच केलंय.

माझी काकू आधी म्हणायची, चांगली टँक कशाला उघडता. गाडी आली, पाइप घातला, कोणी आत उतरलं नाही, तासाभरात काम झालं. आता काकू गल्लीत दुसऱ्यांना समजावते.

राजवाडा१९
पण त्यानं नदी स्वच्छ होते का? न्हाणीघराचं, मोरीचं पाणी तर नालीतच जातं ना?

वाईचा_गणपती
जातंच. नाल्याचं काम उरतंच. पण सगळ्यात घाण भाग, म्हणजे मैला, नदीबाहेर राहतो. आणि सगळं गाव खणावं लागत नाही.

बडोदेकरीण
मधेच घुसते. आमची विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते आणि शहरातून जाताना ड्रेनेजचं बरंच पाणी पोटात घेते. तरीही तिच्यात मगरी राहतात, अगदी वस्तीच्या मधोमध. पुरात घरापर्यंत येतात. माझ्या सासूबाईंचा सिद्धांत असा की पाणी शुद्ध आहे म्हणूनच मगरी आहेत. मगर हवेत श्वास घेते, तिला पाण्यातल्या ऑक्सिजनशी देणंघेणं नाही, हे त्यांना कोणी पटवून द्यावं.

शिप्राकाठींचा वळसा वाचून आमचाही वळसा आठवला. बडोद्याच्या कारखान्यांचं पाणी न्यायला १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटरचा चॅनेल आहे, थेट महीच्या मुखाशी, खंबातच्या आखातापर्यंत. शहराला दिसेनासं झालं. ज्या गावांवरून तो जातो, त्यांना विचारा.

पोहे_जिरावन
सासूबाईंना सांगा, आमच्या कान्हेत मगरसुद्धा राहायला तयार नाही.

जुनी_पानं
इंदूरचा विषय निघालाच आहे तर एक भर. होळकर दरबारानं पॅट्रिक गेडेस या नगररचनाकाराला बोलावलं होतं, त्यांचा अहवाल १९१८ चा. शहरात प्लेगाची दहशत. गेडेस यांनी दिवाळीत मिरवणूक काढली, त्यात प्लेगाच्या राक्षसाचा पुतळा आणि उंदीर, आणि मिरवणूक जाणार त्याच गल्ल्यांतून ज्या सगळ्यात स्वच्छ असतील. घराघरांत सफाईची चढाओढ लागली! सांडपाण्याबद्दल त्यांचा रोख असा की गटारांसाठी शहर मोडू नका, आणि मैला नदीत घालवण्यापेक्षा बागांच्या मातीत परत जाऊ द्या. अभियंत्यांना ते फारसं रुचलं नसणार.

छत्रीबागेजवळ किंवा कृष्णपुरा छत्र्यांपाशी उभं राहिलं की वाटतं, होळकरांनी एवढ्या देखण्या छत्र्या नदीकाठी बांधल्या त्या नाक दाबून बघायला नक्कीच नाही.

खडूस_म्हातारा
गेडेस यांच्या काळात घरोघरी वॉशिंग मशीन नव्हतं आणि शाम्पूच्या पुड्या नव्हत्या. प्रत्येक पिढी आपलं पाणी घेऊन येते. बाकी छान.

बाग_बगीचा
मग तलावच करा ना! मातीचे तलाव, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. पहिला खोल, त्यात घाण तळाशी कुजते. पुढचे दीड मीटरच्या आत, त्यात शेवाळ वाढतं, ऊन पडलं की शेवाळच ऑक्सिजन सोडतं. ब्लोअर नाही, वीज जवळपास नाही. जोडीला कर्दळ आणि पाणकणसाचे वाफे. कोलकात्याच्या पूर्वेला तर सांडपाण्याच्या तळ्यांवर मासे पिकवतात, साडेबारा हजार हेक्टरचा तो पाणथळ भाग २००२ पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे.

प्लांटवर_रात्रपाळी
बाग_बगीचा, तलाव मलाही आवडतात, पण दोन अडचणी. जमीन लागते, एमएलडीमागे साधारण एक हेक्टर, कधी जास्त. आणि मानक. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये प्लांटमधून सोडायच्या पाण्याचा बीओडी १० वर आणला. तलावाच्या पाण्यात शेवाळ असतं, तो १० ला क्वचितच बसतो, ३० च्या आसपास घुटमळतो. कडेचं गवत काढलं नाही तर डास, जास्त घाण लोटली तर वास.

खडूस_म्हातारा
म्हणजे दहाचा प्लांट बिल न भरल्यामुळे दीडशेचं पाणी सोडतो ते चालतं, आणि तीसचा तलाव वर्षभर चालतो तो चालत नाही. वा.

प्लांटवर_रात्रपाळी
काका, कागदावर पहिला पास आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे २०२०-२१ चे आकडे बघा: देशातलं शहरी सांडपाणी रोज ७२,३६८ एमएलडी, बसवलेली क्षमता ३१,८४१, आणि प्रत्यक्ष वापर २०,२३६. म्हणजे जे बांधलंय त्यातलंही एक तृतीयांशाहून जास्त रिकामं. प्लांट कमी आहेत हे खरंच, पण आहेत तेही पोट भरून चालत नाहीत.

शिप्राकाठी
अजून एक गोष्ट राहिली. दहाचं पाणी सोडलं म्हणजे नदी आंघोळीलायक झाली असं नाही. स्नानाच्या पाण्याला बीओडी ३ किंवा कमी लागतो, विरघळलेला ऑक्सिजन किमान ५. नदीत स्वतःचं पाणी असेल तर दहाचं पातळ होऊन तीनवर येईल. आमच्या शिप्रेत उन्हाळ्यात स्वतःचं पाणी किती? २०१४ पासून नर्मदा जवळपास साडेतीनशे मीटर वर चढवून तिच्यात सोडतात, तेव्हा घाट भरतात. २०१९ च्या जानेवारीत शनिश्चरी अमावस्येला पाणी वेळेवर आलं नाही, लोकांनी चिखलात स्नान केलं, आणि कलेक्टर-कमिशनर दोघांनाही हटवलं. धागाकर्त्यांच्या नदीत होळीनंतर गावाचंच पाणी वाहतं असं त्यांनीच लिहिलंय. तिथे पातळ करणारं कोण?

आणि पहिला पाऊस! उन्हाळाभर नाल्याच्या तळाशी बसलेला गाळ एका रात्रीत उसळून नदीत येतो, सकाळी मेलेले मासे काठाला. दरवर्षी कोणीतरी म्हणतं की विष टाकलं.

गहू_हरभरा
भाऊजी, मी वाचतोय.

पोहे_जिरावन
😂😂😂 आला रे आला!

गहू_हरभरा
माझं म्हणणं भाऊजींनी अर्धंच मांडलंय. मला घाण पाणी हवंय असं नाही. दुसरं पाणी नाही, म्हणून नाल्यावर पाच एचपीची मोटर आहे. फूटव्हॉल्व्हला दर आठवड्याला पन्न्या, केस आणि गुटख्याच्या पुड्या गुंडाळतात, हातानं काढाव्या लागतात, मग दोन दिवस खाज. वरच्या बाजूचे काहीजण त्याच पाण्यावर पालक-कोथिंबीर काढून इंदूरच्या मंडीत पाठवतात. तुम्हीच खाता ती. मी गहूच घेतो.

फेब्रुवारी-मार्चात वेगळंच पाणी येतं, पांढरट, आंबूस वासाचं. आलू चिप्सवाल्यांचं. बटाटा धुतात, कापतात, सगळा स्टार्च नाल्यात. ते पाणी शेतात सोडलं की वर पापडी धरते आणि गहू पिवळा पडतो. घरांपेक्षा मला त्याचा त्रास जास्त. त्याबद्दल सभेत कोणी बोलत नाही, कारण हंगामात अर्ध्या गावाला तिथेच काम मिळतं.

तलाव केले आणि शेवटच्या तलावातून आम्हाला पाणी दिलं तर आमच्या बाजूचे शेतकरी पैसे द्यायला तयार होतील. कालव्याच्या पाण्याला देतात तसे. नदीत सोडायचंच कशाला?

प्लांटवर_रात्रपाळी
गहू_हरभरा, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. रब्बीत शेताला, पावसाळ्यात नदीत, तेव्हा नदीत पाणीही असतं. शेतीसाठी तीसचं पाणी गव्हाला चालतं, फक्त कच्च्या खायच्या भाज्यांना नको. चिप्सवाल्यांना मात्र वेगळं धरा. स्टार्चचा बीओडी घरगुती पाण्याच्या कैकपट. त्यांनी आवारातच टाकीत स्टार्च बसू द्यायला हवा, खाली बसलेला विकताही येतो. ते न करता तलावात सोडलं तर पहिल्याच मार्चात तलाव सडेल आणि सगळे म्हणतील, बघा, तलाव फेल.

काळीमाती
आणि गटारलाइन नको म्हणताय तर नाला गावाबाहेर जिथे एकत्र येतो तिथेच अडवा. आधी जाळी, मग वाळू बसवायचा हौद, मग तलाव. पावसाच्या लोंढ्याला वाट सोडायला विसरू नका, नाहीतर पहिल्या जुलैत बांधाचं पाणी गावात शिरेल.

राजवाडा१९
म्हणजे सगळे मिळून मास्तरांच्या विरोधात? वाईट वाटतंय मास्तरांसाठी.

नर्मदेपल्याड
सगळ्यांचे आभार. सासऱ्यांना वाचून दाखवलं. गेडेसवर खूश झाले, वाईवर विचारात पडले, तलावावर म्हणाले, "म्हणजे उघड्यावर घाण!" तरी सभेत विचारायचं ठरलंय: विजेचं बिल दहा वर्षं कोणाच्या बजेटमधून, टँका उपसायची गाडी कधी येणार, चिप्सवाल्यांचं काय. उत्तर आलं तर पुढचं बोलू.

जमिनीचं म्हणाल तर गावाच्या खालच्या अंगाला, नाल्यालगत चरनोई (गायरान) आहे, दीड-दोन हेक्टर सहज निघेल.

गहू_हरभरा
भाऊजी, त्या चरनोईवर कोणाचं अतिक्रमण आहे ते सांगितलं नाहीत इथे. बाबांचाच गोठा आहे तिथे. अकरा म्हशी.

पोहे_जिरावन
आता कळलं मास्तरांना मशीन का हवंय.

प्लांटवर_रात्रपाळी
गोठा धुतलेलं पाणी त्याच नाल्यात जातं का? जात असेल तर हिशोबात धरा. एक म्हैस बीओडीत बऱ्याच माणसांना भारी पडते.